मशीन हेड की मेड इन जपान?

डीप पर्पल हा ब्रिटिश रॉक बँड पहिल्यांदाच ऐकणाऱ्या आपल्या सोलापूरच्या पोरांनी स्टुडिओतला 'मशीन हेड' अल्बम आधी ऐकावा की लाइव्ह 'मेड इन जपान'? दोन्ही १९७२चे, गाणीही बरीचशी तीच.

'मशीन हेड' स्वित्झर्लंडमधल्या माँत्रोच्या एका हॉटेलात, फिरता स्टुडिओ लावून ध्वनिमुद्रित झाला. गिटार शिकत असाल तर आधी हाच. प्रत्येक सूर सुटा ऐकू येतो.

माझा जीव मात्र 'मेड इन जपान'वर. त्या ऑगस्टच्या दौऱ्यात ओसाका आणि टोकियोत तीन रात्री टेप फिरत होती. तालमीतली लेझीम आणि मिरवणुकीत रंगलेली लेझीम, एवढा फरक आहे! 'स्पेस ट्रकिन' स्टुडिओत साडेचार मिनिटांचं, इथे जवळपास वीस. जॉन लॉर्डचा ऑर्गन गुरगुरत सुटतो आणि इयन पेसचे ड्रम त्याला दम घेऊ देत नाहीत. 'चाइल्ड इन टाइम' तर 'मशीन हेड'वर नाहीच. त्यात गायक इयन गिलन अगदी हळू सुरू करतो, मग चढत चढत थेट किंकाळीपर्यंत जातो.

फक्त मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका. रात्री गच्चीवर, चांगले हेडफोन लावून ऐका.