अण्णांचं ऑक्सिजन मशीन : डबा झकास, बाटलीनं डोकं खाल्लं

5 लिटरचा (म्हणजे मिनिटाला 5 लिटरपर्यंत ऑक्सिजन देणारा) कॉन्सन्ट्रेटर, शुद्धता 93 टक्के अधिक-उणे 3, वजन, आवाज, वॉरंटी हे सगळं घेणाऱ्यानं आधीच वाचलेलं असतं, त्यामुळं ते सोडून देतो. मला लिहायचंय ते बाटलीबद्दल. मशीनला पाण्याची बाटली लावतात, जिच्यातून बुडबुडे येत राहतात, ती. 40 हजारांच्या आसपास पैसे घेऊन कंपनीनं तिचं झाकण असं दिलंय, की रोज काढून धुतलं आणि परत बसवलं की थोड्याच दिवसांत आटा घसरायला लागतो. आणि ती रोज धुवायची असं त्यांच्याच पुस्तिकेत छापलंय!

अण्णा आमचे वडील. उभा जन्म सांगलीच्या मार्केट यार्डात गेला, तोंडात बिडी. आता सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या आखडण्याचा फुप्फुसाचा आजार. मिरजेच्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहून दिलं : मिनिटाला 2 लिटर, दिवसातून किमान 15 तास, सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी) 88 ते 92. दिवाळीत मशीन आणलं, आता आषाढातला बेंदूर आला.

सुरुवातीला मी मशीनवर खूश होतो. खोलीतलीच हवा घेतं, आतल्या झिओलाइटमध्ये नायट्रोजन अडकवून ठेवतं आणि ऑक्सिजन पुढं सोडतं. सिलिंडर भरून आणायची कटकट नाही. हिरवा दिवा लागला म्हणजे शुद्धता ठीक. सगळं घर त्या हिरव्या दिव्याच्या भरवशावर झोपायचं.

मग थंडीत एके दिवशी पहाटे अण्णांनी पांघरूण भिरकावलं, नाकातली नळी ओढून काढली आणि मला धाकट्या काकांच्या नावानं हाक मारून शिव्या द्यायला लागले. आई म्हणाली, वय झालंय, चिडणारच. दिवा हिरवा. मिनिटाला किती लिटर जातंय ते दाखवणाऱ्या फ्लोमीटरमधला गोळा बरोबर 2 वर. बाटलीत बुडबुडे जोरात. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर सॅच्युरेशन 83.

आमच्याकडं इंजेक्शनं द्यायला येणाऱ्या सिस्टर मिरजेला वॉर्डात बरीच वर्षं होत्या. त्यांना फोन लावला. पहिलाच प्रश्न, "हात गार आहेत का?" होते. ऑक्सिमीटर बोटातून लाल आणि इन्फ्रारेड असा दोन तऱ्हेचा उजेड पाठवतो आणि नाडीच्या ठोक्यावर हिशेब करतो. 1970 च्या दशकात जपानच्या ताकुओ आओयागी यांनी काढलेली युक्ती. बोट गार असेल, हात हलत असेल, नखाला मेंदी किंवा नेलपॉलिश असेल, तर हिशेब चुकतो. चांगल्या यंत्रातही दोन-तीन टक्के इकडंतिकडं होतातच, आणि सावळ्या कातडीवर आकडा खऱ्यापेक्षा चढा दिसू शकतो. हात चोळून गरम केले, परत लावला. 84.

"आता मशीन सोडा, अण्णांच्या गळ्याकडं बघा." गळपट्टीच्या हाडावरचा खड्डा प्रत्येक श्वासाला आत ओढला जात होता, नाकपुड्या फुलत होत्या. मिनिटभर घड्याळ लावून श्वास मोजायला लावले : 30 च्या वर. निवांत बसलेल्या मोठ्या माणसाचे 12 ते 20 असतात. वाक्य पुरं होत नव्हतं, दोन शब्दांनंतर दम. सिस्टरांचं म्हणणं, ऑक्सिजन कमी पडला की आधी माणूस बेचैन होतो, बरळतो, चिडतो. निळेपणा फार उशिरा येतो, आणि अंगात रक्त कमी असेल तर येतही नाही. बघायचाच तर नखांवर नाही, जिभेवर बघायचा.

उताणं झोपवायचं नाही. ताठ बसवून पुढ्यात टेबल, टेबलावर दोन उशा, त्यावर हात टेकवून पुढं वाकवलं. श्वास नाकानं आत, ओठांचा चंबू करून सावकाश बाहेर. आणि नळीचं टोक पेल्यातल्या पाण्यात बुडवून बघा, म्हणाल्या.

पेल्यात एकही बुडबुडा आला नाही.

सगळा ऑक्सिजन झाकणाच्या आट्यातून बाहेर जात होता. बाटलीतले बुडबुडे खरेच होते, कारण हवा आधी पाण्यातून येते आणि मग झाकणाशी पोचते. म्हणजे हिरवा दिवा, गोळा, बुडबुडे तिन्ही खरं बोलत होते आणि अण्णांच्या नाकात काही पोचत नव्हतं. दिवा फक्त डब्याच्या आतलं सांगतो. डब्यापासून नाकापर्यंतचं घरच्यांनी बघायचं, हे कंपनीच्या माणसानं डेमोत सांगायला नको का?

खोक्यात एक छोटा जोड येतो, तो लावून बाटली बाजूला काढली आणि नळी थेट मशीनला जोडली. थोड्या वेळानं 89 दिसले. अण्णांनी चहा मागितला.

तिथून सर्व्हिस सेंटरशी भांडण सुरू झालं. "बाटली वॉरंटीत येत नाही सर, ती कन्झ्युमेबल." म्हणजे वापरून संपणारी वस्तू. नवी त्यांच्याकडून 950 रुपये. मिरजेत दवाखान्यांच्या रांगेतल्या सर्जिकलच्या दुकानात तशीच साधी बाटली दीडशेला मिळाली, आटा घट्ट. माझं एवढंच म्हणणं की जिच्यामुळं माणसाला ऑक्सिजन मिळत नाही ती वस्तू कन्झ्युमेबल कशी? मेल केले, फोटो पाठवले. उत्तर येतं, "आपली तक्रार नोंदवली आहे." कुठल्या वहीत, देव जाणे.

बाटली घेतली की एक तपासणी करा. मशीन चालू ठेवून नाकाकडची नळी दुमडून घट्ट दाबा. बहुतेक बाटल्यांच्या झाकणात जादा दाब सोडणारी झडप असते. झाकण पक्कं असेल तर ती शिट्टी मारते. शिट्टी नाही आणि बुडबुडे चालूच, म्हणजे कुठंतरी गळतंय. आमची आई रोज पाणी बदलल्यावर हे करते. पाणी डिस्टिल्डच घालायचं, आरओचं नको.

आता यातली गंमत. पुढच्या तपासणीला डॉक्टरांना बाटलीचं रामायण ऐकवलं, तर ते म्हणाले, 2 लिटरला ती लागतच नाही बहुतेकांना! साधारण 4 लिटरच्या खाली नाकातला ओलावा पुरतो. नाक फारच कोरडं पडलं तर पाण्यात विरघळणारी जेली लावा, व्हॅसलिन अजिबात नको, ऑक्सिजनजवळ तेलकट वस्तू पेट घेऊ शकते. म्हणजे ज्या बाटलीसाठी मी एवढा भांडलो ती आमच्या कामाचीच नव्हती. तरी तक्रार मागे घेतलेली नाही. तिचे पैसे मशीनच्या किमतीत घेतलेत ना.

मशीनबद्दलचं मत मात्र बदलावं लागलं. त्या पहाटेनंतर एक स्टार टाकणार होतो. पण उन्हाळाभर कॉम्प्रेसर एकदाही कुरकुरला नाही. आठवड्याला मागची जाळी धुतो, भिंतीपासून हातभर लांब ठेवतो. देवघर त्याच खोलीत होतं, ते हलवलं, कारण समई आणि उदबत्ती या मशीनजवळ चालत नाही. अण्णांची बिडी तर कुलपातच. वीजबिल झोंबतं : प्लेटवर 350 वॉट, 16 तास चालवलं की दिवसाला साडेपाच युनिट, महिन्याला 165 च्या पुढं, आणि आपण वरच्या स्लॅबमध्ये.

एका गोष्टीवर शेजाऱ्यांशी रोज वाद. "5 लिटरचं मशीन आहे, 2 वर का ठेवलंय? 98 येऊ दे की." नाही यायचं. धडधाकट फुप्फुसवाल्याला आजारपणात 94 ते 98 हवं असतं ते वेगळं. अशा जुन्या सीओपीडीत ऑक्सिजन जास्त झाला तर कार्बन डायऑक्साइड साठू शकतो : सकाळी डोकं ठणकतं, गुंगी येते, पुढं धरलेले हात फडफडतात. ऑक्सिजन हे औषध आहे, त्याला डोस असतो. ऑगस्टमध्ये आपण सांगलीकर आयर्विन पुलाशी कृष्णेच्या पाण्याची पातळी जशी बघतो, तसा हा आकडा बघायचा : नुसता किती नाही, चढतोय की उतरतोय. आम्ही वहीत सकाळ-संध्याकाळ आकडा, श्वास आणि झोप लिहितो. जीभ निळसर, हलवूनही नीट जागं न होणं किंवा बोलताच न येणं यातलं काही दिसलं तर वही बाजूला, 108.

स्टार : मशीनला चार, बाटलीला शून्य, सर्व्हिसला अर्धा, कारण फोन उचलतात.

घेणार असाल तर लाइट जाण्याचा विचार आधी करा. 150 एएचच्या एका बॅटरीवर आमचा इन्व्हर्टर हे मशीन 3 तासांच्या आसपास ओढतो, पुढं अंधार. सांगलीत गावभागाकडं राहणाऱ्यांना 2019 चा पूर आठवत असेलच. म्हणून जुलै-ऑगस्टसाठी ऑक्सिजनचा बी टाइप सिलिंडर भाड्यानं आणून वरच्या मजल्यावर साखळीनं बांधून ठेवलाय. त्यात साधारण 1500 लिटर बसतं, म्हणजे 2 लिटरनं 12 तास. डिपॉझिट वेगळं. दुकानदाराकडून सिलिंडर उघडायचा पाना मागून घ्या, तो आपणहून देत नाही.