फुलांच्या रचनेला आधार कशाचा: फोम, जाळी की पिनहोल्डर?

बागेत फुलझाडं लावताना रंगाचा आणि हंगामाचा विचार सगळेच करतात. पण कापून आणलेली फुलं भांड्यात कशाच्या आधाराने उभी राहणार, हे आधी ठरवलं तर लागवडसुद्धा त्या हिशोबाने करता येते. पर्याय मुख्यतः तीन. माझा कौल कुठे आहे ते लपवत नाही, पण फोमची बाजू आधी नीट ऐकून घेऊ.

फुलवाले ज्याला ओॲसिस म्हणतात तो हिरवा फोम अमेरिकेत १९५४ साली व्हर्नन स्मिदर्स यांनी आणला. देठ ज्या कोनात खुपसाल त्याच कोनात राहतो, पाणी फोमच्या पोटात असल्यामुळे सांडत नाही, आणि तयार रचना गाडीतून लांबवर नेली तरी हलत नाही. कमानी, भिंतीवरची सजावट, खालच्या बाजूला झुकणाऱ्या माळांसारख्या रचना यांत फोम एवढा रुळला तो याच सोयीमुळे.

अडचण तो कशाचा बनतो यात आहे. फोम म्हणजे फिनॉल-फॉर्मल्डिहाइडचं प्लास्टिक. ते वितळवून पुन्हा वापरता येत नाही. एकदा भिजून वाळलेला फोम दुसऱ्यांदा नीट पाणी शोषत नाही, म्हणजे वापर एकदाच. बोटाने दाबला तरी त्याचा भुगा होतो आणि तो भुगा पाण्याबरोबर मोरीत जातो. मेलबर्नच्या आरएमआयटी विद्यापीठातल्या संशोधकांनी हे कण पाण्यातल्या प्राण्यांवर तपासले. प्राण्यांनी ते कण खाल्ले, आणि कणांतून पाण्यात उतरलेली रसायनंही त्यांना घातक ठरली. जैवविघटनशील म्हणून विकला जाणारा फोमही या तपासणीत होता आणि तोही निर्दोष ठरला नाही, तेव्हा नुसतं लेबल पाहून निश्चिंत होऊ नका. ब्रिटनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने २०२१पासून आपल्या प्रदर्शनांत फोमला बंदी घातली.

घरी फुलं पिकवणाऱ्याच्या दृष्टीने मला आणखी एक गोष्ट महत्त्वाची वाटते. फोममध्ये कडक, सरळ देठ छान बसतो, पण ट्यूलिप किंवा नरगिसचा मऊ देठ खुपसतानाच चेपतो. खुपसलेला देठ थोडा वर ओढला की खाली हवेची पोकळी राहते आणि फूल पाण्याविना मान टाकतं. मोकळ्या पाण्यात ही भीती नाही.

जाळी म्हणजे हार्डवेअरच्या दुकानात मिळणारी षटकोनी छिद्रांची चिकन जाळी. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लंडनच्या पुष्परचनाकार कॉन्स्टन्स स्प्राय फोमशिवायच भव्य रचना करत, त्या याच जाळीच्या जोरावर. जाळीचा तुकडा सैलसर चुरगाळून भांड्यात बसवायचा, म्हणजे छिद्रांचे दोन-तीन थर एकावर एक येतात आणि देठ दोन ठिकाणी धरला जातो. भांड्याच्या तोंडावर टेपच्या दोन पट्ट्या आडव्या-उभ्या मारल्या की जाळी उसळत नाही. धुऊन वाळवली तर तीच जाळी वर्षानुवर्षं चालते. काचेच्या भांड्यात मात्र ती दिसते आणि काचेवर ओरखडेही उठतात. न्यायची असेल तर रचना कमी पाण्यात न्या आणि पोचल्यावर पाणी भरा.

पिनहोल्डर म्हणजे उभ्या पिनांची जड बैठक, इकेबाना या जपानी पुष्परचनेतला केन्झान. तो उथळ भांड्यासाठी आणि मोजक्या फुलांसाठी. सुरुवातीला खर्च जास्त, पण पितळी पिनांचा घेतलात तर पुन्हा घ्यावा लागत नाही. फांदी जाड असेल तर टोकाला चीर द्या, म्हणजे पिना आत शिरतात. देठ फार बारीक असेल तर त्याला दुसऱ्या देठाचा तुकडा बांधून जाडी आणा. भरगच्च रचनेसाठी मात्र तो अपुरा पडतो.

खोल भांडं आणि भरपूर फुलं असतील तर जाळी, उथळ भांडं आणि चार-पाच देठ असतील तर पिनहोल्डर, असं मी सुचवेन. फोम वापरण्याजोगं कारण घरगुती रचनेत मला तरी सापडत नाही.

जाळी किंवा पिनहोल्डर ठरला की बागेतही जागा वाटून द्या. नुसत्या फुलांनी भागत नाही. फांद्या फुटणारी झुडपं हवीत, कारण आधी तीन-चार फांद्या तिरक्या घातल्या की त्यांच्या बेचक्यांतच फुलं अडकून राहतात. झिनिया आणि कॉसमॉस वीतभर झाले की शेंडे खुडा. बगलफूट होऊन कापण्याजोगे लांब देठ जास्त मिळतात. झिनिया कापण्याआधी फुलाच्या वीतभर खाली देठ धरून हलवून पाहा. मान लुळी पडली तर फूल अजून तयार नाही. देठ काठीसारखा ताठ राहिला तरच कापा, नाहीतर कुठलाही आधार दिला तरी फूल वाकणारच.

घरात आधीचा फोम पडून असेल तर तो कंपोस्टमध्ये टाकू नका, तिथे तो कुजत नाही. वापरलात तर भिजवलेलं पाणी दाट विणीच्या कापडातून गाळा आणि गाळ सुक्या कचऱ्यात टाका.