डॉक्ससाठी प्रोफेशनल टेक्निकल रायटर: ८ महिन्यांनंतरचा अनुभव

आमची टीम पुण्यातली, १४ डेव्हलपर. डिलिव्हरी ट्रॅकिंगचं एपीआय (दुसऱ्या सॉफ्टवेअरने आमच्या सिस्टीमशी बोलायची सोय) बनवतो, बाहेरच्या कंपन्यांचे डेव्हलपर ते आपापल्या सिस्टीमला जोडतात आणि त्यांच्या हातात आमच्याकडनं फक्त एक एपीआय की आणि डॉक्सची, म्हणजे ते कसं वापरायचं हे सांगणाऱ्या पानांची, लिंक असते. ते डॉक्स इतकी वर्षं आम्हीच लिहायचो, रिलीजच्या आदल्या दिवशी, जो मोकळा सापडेल त्याने. आता ८ महिने झाले, पूर्णवेळ टेक्निकल रायटर मॅडम आहेत, १२ वर्षांचा अनुभव, काम कोल्हापुरातनं, महिन्यातनं दोनदा ऑफिसला येतात. रायटर घ्यावा का नाही यावर ज्यांचं घोडं अडलंय त्यांच्यासाठी सविस्तर लिहितोय.

मला आधी वाटलेलं इंग्रजी सुधारेल, स्क्रीनशॉट नीट होतील, एवढंच. पहिल्याच आठवड्यात त्यांनी कोरा लॅपटॉप मागवला, माझ्या शेजारी बसल्या आणि आमचं क्विकस्टार्ट पान उघडून वरनं एकेक पायरी करत गेल्या, मला म्हणाल्या तू फक्त बघ, बोलू नकोस. पानावर लिहिलेलं, ५ मिनिटांत पहिली रिक्वेस्ट. चौथ्या पायरीला ४०१ एरर, म्हणजे ओळख पटली नाही. ओळख पटवणारं टोकन ज्या एनव्हायर्नमेंट व्हेरिएबलमधनं (मशीनवरच्या सेटिंगमधनं) वाचलं जातं ते सेट करायची ओळच पानावर नव्हती, आमच्या सगळ्यांच्या मशीनवर ते कधीचंच सेट असतं त्यामुळे कुणाच्या ध्यानात आलं नाही. मी सांगायला गेलो तर म्हणाल्या, "अरे, कस्टमरच्या शेजारी तू बसलेला असतोस का?" मग एररचा मेसेज जसाच्या तसा आमच्या डॉक्समध्ये सर्च केला, एकही रिझल्ट नाही. पहिली रिक्वेस्ट जायला ४० मिनिटं लागली. किती जण तिथं अडकून परत गेले असतील ते कळायला आमच्याकडं काही मार्गच नव्हता, ही गोष्ट मला फार लागली.

सगळ्यात मोठा फरक वेबहुकच्या (काही घडलं की आम्ही आपणहून कस्टमरच्या सर्व्हरला पाठवतो तो मेसेज) पानावर पडला. वेबहुकसोबत आम्ही एचमॅक सिग्नेचर, म्हणजे मजकूर आणि गुप्त की यांवरनं काढलेली खूण, पाठवतो, समोरच्याने ती आपल्याकडं परत काढून जुळवायची. पानात चूक एकही नव्हती, तरी दर आठवड्याला सपोर्टकडं तक्रारीचं तिकीट यायचंच की सिग्नेचर जुळत नाही, आणि आम्ही म्हणायचो लोक नीट वाचत नाहीत. मॅडमनी जुनी तिकिटं काढून सलग वाचली आणि विचारलं, हे सगळे जेसन पार्स झाल्यावर सिग्नेचर का काढतायत? तेच कारण होतं. बरेच फ्रेमवर्क (सर्व्हर लिहायचे तयार सांगाडे) बॉडी, म्हणजे मेसेजमधला जेसन मजकूर, पार्स करून, म्हणजे त्यातला डेटा सुटा करून हातात देतात, ती परत स्ट्रिंग केली की स्पेस बदलतात, कधी आकडा वेगळा छापला जातो, एक बाइट हलला तरी सिग्नेचर गेली. कच्ची बॉडीच घ्या हे आमच्या पानावर होतं, पण एका लांब परिच्छेदाच्या पोटात. त्यांनी ते पहिल्या वाक्यात आणलं, एक्सप्रेस, जँगो आणि स्प्रिंग या फ्रेमवर्कमध्ये कच्ची बॉडी कशी घ्यायची याचे स्वतः चालवून बघितलेले नमुने दिले, आणि खाली 'सिग्नेचर जुळत नसेल तर' असा भाग. ते तिकीट आता क्वचितच येतं.

मांडणीला त्या डायटॅक्सिस पद्धत वापरतात, ट्युटोरियल, हाऊ-टू, रेफरन्स आणि एक्स्प्लनेशन असे चार प्रकार वेगळे ठेवायचे. आमची पानं चारही कामं एकदम करायला जायची. डॉक्स कोडच्याच रेपोत (कोडच्या साठ्यात) मार्कडाऊन या साध्या मजकुराच्या फॉरमॅटमध्ये आलेत, बदल पुल रिक्वेस्टनेच होतो, म्हणजे दुसऱ्याने तपासल्यावरच, तुटलेल्या लिंका सीआय (प्रत्येक बदलावर आपोआप चालणारी तपासणी) पकडतं. आणि शब्दांचं म्हणाल तर शिपमेंट, कन्साइनमेंट, ऑर्डर हे तिन्ही आम्ही एकाच गोष्टीला वापरत होतो, एक शब्द ठरवायला बसलो तेव्हा कळलं की टीममधल्याच दोघांच्या डोक्यात त्याचा अर्थ वेगळा होता आणि एका फील्डचं नावच त्यामुळे चुकलेलं. हे लिहायला बसल्याशिवाय बाहेर आलंच नसतं.

आता त्रास. पहिले दोन महिने काहीच पुढं सरकत नाहीये असं वाटतं. डेव्हलपरचा वेळ जातो, माझेच आठवड्याला ४-५ तास जायचे, आणि तो वेळ स्प्रिंटमध्ये, म्हणजे कामाच्या ठरलेल्या टप्प्यात, धरला नाही तर पानं रिव्ह्यूला पडून राहतात, रायटर कितीही चांगला असूदे. एकदा मोठी चूक झाली. आयडेम्पोटन्सी की म्हणजे रिक्वेस्टसोबतची खूण, तीच परत आली की सर्व्हर तेच काम दुसऱ्यांदा करत नाही. 'टाइमआउट आला तरी शिपमेंट तयार झालेली असू शकते, म्हणून परत पाठवताना तीच आयडेम्पोटन्सी की वापरा' हे वाक्य सोपं करताना 'टाइमआउट आला तर परत पाठवा' एवढंच उरलं, मी न वाचता अप्रूव्ह केलं, आणि एका कस्टमरकडं डबल शिपमेंट बनल्या. त्यात मॅडमपेक्षा माझी चूक जास्त, कारण ती की न वापरल्यावर काय होतं हे मला माहीत होतं. तेव्हापासनं पैसे आणि डेटाशी संबंध असलेली पानं दोन डेव्हलपर वाचतात.

मॅनेजरने विचारलेलं की हे एआयकडनं का नाही करून घेत. करून बघितलं. वाक्यं छान आली, पण एक पॅरामीटर असा टाकला जो आमच्या एपीआयमध्ये नाहीच. मॅडम पहिल्या कच्च्या खर्ड्याला एआय वापरतात, पण पानावरची प्रत्येक कमांड स्वतः चालवतात, आणि खरं काम तेच आहे.

ओपन सोर्सवाल्यांना हे दुखणं नवीन नाही. गिटहब या कोड ठेवायच्या साइटच्या २०१७ च्या सर्व्हेत ९३ टक्के लोकांनी अपुरे किंवा जुने डॉक्स ही अडचण सांगितली होती आणि ६० टक्के कॉन्ट्रिब्युटर स्वतः डॉक्सना क्वचित किंवा कधीच हात लावत नव्हते. गुगलने २०१९ मध्ये सीझन ऑफ डॉक्स सुरू केलं ते त्यासाठीच, आधी रायटर आणि प्रोजेक्टची जोडी लावून द्यायचे, २०२१ पासनं प्रोजेक्टलाच अनुदान द्यायला लागले, रायटर प्रोजेक्टनेच निवडायचा. पूर्णवेळ परवडत नसेल तर तसंच करा, तीन महिन्यांसाठी कॉन्ट्रॅक्टवर घ्या आणि क्विकस्टार्ट, ऑथेंटिकेशन, एरर एवढी तीनच पानं द्या. इंटरव्ह्यूला लेखनाचे नमुने बघालच, पण आपलं एक पान आणि कोरा लॅपटॉप देऊन तासभर शेजारी बसा, किती प्रश्न विचारतात ते मोजा.

आमच्याकडं सध्या व्ही२ ची (एपीआयच्या नव्या आवृत्तीवर कसं यायचं त्याची) मायग्रेशन गाइड चालू आहे. त्यातली दोन पानं माझ्या रिव्ह्यूसाठी थांबलीत, ती आज बघून टाकतो.