लंडन फिरायला ट्यूब बरी की बस?

ठाण्याच्या नौपाड्यात आमच्या शेजारी राहणाऱ्या काकू जूनमध्ये लेकीकडे लंडनला निघाल्या आहेत. परवा जिन्यात भेटल्या तेव्हा विचारत होत्या, "तिथे ट्यूबने फिरू की बसने?" ट्यूब म्हणजे लंडनची जमिनीखालची रेल्वे. कार्ड, झोन, ॲप हे सगळं त्यांच्या लेकीने आधीच समजावलं आहे, म्हणून ते पुन्हा सांगत नाही. मी आईला घेऊन अकरा दिवस लंडनमधल्या किलबर्नला राहिलो होतो. पहिले चार दिवस ट्यूबने फिरलो, पुढचे सात दिवस बहुतेक बसने. हा बदल का केला ते सांगतो.

वेगात ट्यूबला तोड नाही. एक गाडी चुकली तर हळहळायचं कारण नाही, दोन-तीन मिनिटांत दुसरी हजर. पाट्या इतक्या चोख की कुणाला विचारावं लागत नाही. एकटा असतो तर मी बसकडे फिरकलोही नसतो.

पण आई बरोबर होती. तिचे दोन्ही गुडघे कुरकुरतात, पट्टा बांधल्याशिवाय ती घराबाहेर पडत नाही. तिसऱ्या दिवशी साउथ केन्सिंग्टनची म्युझियमं बघायला निघालो. नकाशावर काम सोपं दिसत होतं: किलबर्नहून ज्युबिली लाइन, ग्रीन पार्कला बदलून पिकॅडिली, तिथून तिसरं स्टेशन. नकाशात ग्रीन पार्क म्हणजे एक छोटंसं वर्तुळ. प्रत्यक्षात त्या वर्तुळात एक लांबच लांब बोगदा आहे. दोन्ही बाजूंना टाइल्स, डोक्यावर दिवे, पाठीमागून भराभर येणारी माणसं, आणि बसायला कुठे जागा नाही. आई भिंतीला हात लावत चालत होती. मध्येच थांबून म्हणाली, "अरे, आपण गाडी बदलतोय की चालतच निघालोय?" ठाण्याला एक नंबर फलाटावर उतरून ट्रान्स हार्बर लोकलसाठी नऊ-दहा नंबर गाठायचा, तर पूल निदान डोळ्यांसमोर असतो, किती चढायचं याचा अंदाज येतो. इथे वळणापलीकडे काय आहे ते कळत नाही. म्युझियमच्या दारात पोहोचेस्तोवर तिची अर्धी ताकद संपली होती. डायनासोरचे सांगाडे तिने बाकावर बसूनच पाहिले.

खरं तर त्या नकाशाचा दोष नाही. हॅरी बेकने १९३१ साली तो आखला तेव्हा खरी अंतरं मुद्दामच सोडून दिली, कुठली लाइन कुठे मिळते एवढंच दाखवलं. लेस्टर स्क्वेअर ते कॉव्हेंट गार्डन हे अंतर जेमतेम २६० मीटर आहे, पण नकाशात ते इतर कुठल्याही दोन स्टेशनांसारखंच दिसतं. शिवाय ही व्यवस्था जुनी. आपली बोरीबंदर-ठाणे गाडी १८५३ची, त्यांची जमिनीखालची पहिली गाडी १८६३ची. त्या काळच्या खोदकामात लिफ्ट बसवणं सोपं नाही. २७२ स्टेशनांपैकी साधारण एक तृतीयांश स्टेशनांवरच पायऱ्या न चढता रस्त्यावरून फलाटावर जाता येतं. कॉव्हेंट गार्डनला लिफ्ट आहे, पण रांग बघून कुणी जिन्याकडे वळलं तर १९३ पायऱ्या आहेत. काकूंना हे मी दोनदा बजावलं.

पाचव्या दिवशी त्याच भागात पुन्हा जायचं होतं, हाइड पार्कच्या बाजूने. या वेळी बस घेतली. किलबर्नहून ३१ नंबरने नॉटिंग हिल गेट, तिथे ५२ नंबर, आणि थेट रॉयल अल्बर्ट हॉलसमोर उतरलो. वेळ जास्त लागला, माझ्या अंदाजाने पंधरा-वीस मिनिटं तरी. पण थांब्यावर बस आली की फुटपाथच्या बाजूला थोडी खाली झुकते आणि पाऊल सरळ आत पडतं. आईला दाराजवळची सीट मिळाली. पुढच्या थांब्याचं नाव बाईच्या आवाजात ऐकू येई, आई ते हळूच स्वतःशी म्हणून बघे. दुसऱ्या दिवसापासून बेलचं लाल बटण कधी दाबायचं हे तीच ठरवू लागली. चार दिवस ती माझ्यामागून चालत होती, आता तीच मला "ऊठ, आपलं आलं" म्हणायला लागली.

पैशांचा हिशेबही बसच्या बाजूने आहे. आम्ही गेलो तेव्हा तिकीट १.७५ पौंड होतं, कितीही लांब जा. पहिल्यांदा कार्ड लावल्यापासून तासाभरात दुसरी बस पकडली तर तिचे वेगळे पैसे नाहीत, कार्ड तेच हवं. उतरताना कार्ड लावायचं नसतं. ट्यूबमध्ये ते विसरलं की जास्तीत जास्त भाडं कापलं जातं, आणि विसरायला होतंच. रोख पैसे मात्र बसमध्ये घेतच नाहीत.

बसचे तोटेही आहेत. ऑक्सफर्ड स्ट्रीटला एकदा आमची बस इतकी रखडली की मला घोडबंदर रोड आठवला. माणूस सीटपर्यंत पोहोचायच्या आत ड्रायव्हर बस हलवतो, म्हणून आत शिरल्याबरोबर दांडा धरायचा. आणि एका दिवसात चार ठिकाणं उरकायची असतील, तर बसच्या नादी लागू नये. गुडघे ठणठणीत असतील तर तुमचा हिशेब कदाचित वेगळा येईल.

काकूंना मी सांगितलं आहे की दिवसाला एकच ठिकाण ठेवा आणि बसने जा. त्यांना प्रिमरोझ हिलला किंग हेन्रीज रोडवरचं १० नंबरचं घर बघायचंच आहे. १९२१-२२ मध्ये बाबासाहेब तिथे राहिले. महाराष्ट्र सरकारने २०१५ साली ते विकत घेतलं, आता तिथे स्मारक आहे. आम्हीही तिथे ३१ नंबरनेच गेलो होतो. ॲडलेड रोडला उतरायचं, बाजूच्याच समांतर रस्त्यावर घर आहे. शांत गल्ली, दारापर्यंत सपाट फुटपाथ. आई तिथे बराच वेळ उभी होती, आणि परतताना दमले म्हणाली नाही.

हीथ्रो विमानतळावरून येताना मात्र बस नको आणि पिकॅडिली लाइनही नको. एलिझाबेथ लाइन घ्या. २०२२ साली सुरू झाली आहे आणि तिच्या प्रत्येक स्टेशनवर लिफ्ट नाहीतर उतार आहे, बॅगा ओढत पायऱ्या चढाव्या लागत नाहीत.