सूक्ष्म भिंगांसाठी संकरित पॉलिमर : वापरानंतरचा अभिप्राय

जर्मनीतील फ्राउनहोफर संशोधन संस्थेच्या ‘ऑर्मोसर’ या पदार्थामुळे परिचित झालेल्या संकरित पॉलिमरांच्या वर्गातील एक रेझिन सूक्ष्म भिंगे घडवण्यासाठी वापरले, त्याविषयीचा हा अभिप्राय. यात सिलिकॉन-ऑक्सिजनचा काचेसारखा सांगाडा आणि त्याला जोडलेले सेंद्रिय गट असल्यामुळे हे द्रव साच्यात ओतून ३६५ नॅनोमीटरच्या अतिनील प्रकाशाखाली झटपट घट्ट करता येते, आणि घट्ट झाल्यावर ते साध्या अ‍ॅक्रिलिकपेक्षा कितीतरी अधिक उष्णता सोसते. दृश्य प्रकाशातील पारदर्शकतेबद्दल तक्रारीला जागा नाही.

खरी कसोटी आकुंचनाची आहे. घट्ट होताना घनफळ काही टक्क्यांनी घटते, त्यामुळे भिंगाची वक्रता साच्याहून किंचित वेगळी उतरते आणि तिची भरपाई साच्याच्या आराखड्यातच करून ठेवावी लागते. शिवाय उघड्या पृष्ठभागावर हवेतील ऑक्सिजन घट्ट होण्याच्या अभिक्रियेला अडथळा आणतो. नायट्रोजनचे आवरण नसेल, तर चिमट्याच्या टोकाला ओढ लागेल असा चिकट थर वर उरतो, आणि तो पुसायला जाल तर भिंगच बिघडते. मोजक्या नमुन्यांसाठी एवढा खटाटोप कोणी करू नये. एकाच साच्यातून अनेक प्रती काढणाऱ्यांनी मात्र हे रेझिन अवश्य वापरावे.