फिनिक्स सन्सचा सीझन पास : सहा महिने बघून झाल्यावर

रिन्यूअल बंद करायला बसलो होतो, म्हटलं आधी लिहून टाकू. 2024 च्या ऑक्टोबरात NBA या अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगचे सामने बघायचा पास घेतला, फिनिक्स सन्स या एकाच टीमचा. सगळ्या टीमचा महाग पडतो, आणि बुकर, ड्युरंट, बील असे तीन बडे खेळाडू एका जागी असताना बाकीच्यांना बघायचं कशाला, हा हिशेब.

चांगलं आधी सांगतो. घरचे सामने आपल्याकडे बहुतेक सकाळी साडेसातला. ॲरिझोनात घड्याळं पुढंमागं करत नाहीत, त्यामुळं मार्चात बाकी अमेरिकेची वेळ सरकते, यांची नाही. चहा, भडंग, मॅच आणि मग सांगलीचं मार्केट यार्ड. एवढ्यापुरते पैसे वसूल.

सुरुवात 8-1, म्हणजे आठ जिंकले, एक हरले. पेढे आणायचेच राहिले होते. शेवट 36-46, पश्चिम विभागात अकरावे, बाद फेरीआधीची प्ले-इन ही पात्रता फेरीसुद्धा नाही. कोच बुडेनहोल्झर एका वर्षात घरी. आधीचा व्होगेलही तसाच गेलेला. डिफेन्सवर बाकीच्यांनी लिहिलंय. माझं डोकं फिरलं ते बीलच्या करारातल्या नो-ट्रेड कलमावर. वर्षाला 5 कोटी डॉलर, आणि त्याच्या होकाराशिवाय त्याला दुसऱ्या टीमकडं पाठवता येत नव्हतं! आमचा धंदा हळदीचा. सौद्याला लावलेलं पोतंच ‘मी नाही जात’ म्हणालं तर अडत्यानं करायचं काय? जानेवारीत बेंचवर बसवला, तरी गडी जागचा हलला नाही. चार महिने रोज शिव्या घातल्या.

मग थोरल्या भावानं विचारलं, "ते कलम दिलं कुणी?" दिलं त्याच्या आधीच्या टीमनं, वॉशिंग्टननं, 2022 मध्ये. पुढच्या वर्षी ख्रिस पॉल हा खेळाडू देऊन फिनिक्सनं बीलला घेतलं, कलमासकट. पोतं उघडून, माल हातात घेऊन बघून घेतला. आता पोत्यावर कसला राग? बीलला एक स्टार वाढवतोय, मालकाचा कापतोय.

2025 चा उन्हाळा अवघड होता. पगारखर्च लीगमध्ये सगळ्यात जास्त, त्यामुळं दोन खेळाडू देऊन, त्यांचे पगार जोडून एक मोठा खेळाडू आणायलाही नियम आडवा येत होता. हरल्याचा फायदा म्हणून ड्राफ्टकडं (नव्या खेळाडूंची निवड, हरणाऱ्यांचा नंबर आधी) बघावं, तर 2025 चा पहिल्या फेरीचा पिक, म्हणजे निवडीचा हक्क, ह्यूस्टनच्या टीमकडं. उरला होता ड्युरंट. तेव्हा 36 वर्षांचा, कराराचं एकच वर्ष शिल्लक. फेब्रुवारीत त्याच्या जुन्या टीमशी, वॉरियर्सशी बोलणी झाली, पण त्यालाच परत तिकडं जायचं नव्हतं. तेव्हाच विकला तर भाव येणार होता, पुढच्या उन्हाळ्यात करार संपून फुकट गेला असता.

रिन्यूअल बंद केलंय. डेन्व्हरचा पास घ्यायचा विचार आहे, त्यांचेही सामने साडेसातलाच. पण ते मार्चात साडेसहावर येतात.