डीओएजे वापरताना : चार तारे, एक राखून

बडोद्यातल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयातून मी रिटायर झाले, तरी दांडिया बाजारातल्या घरी पीएचडीची मुलं येतच असतात. प्रश्न ठरलेला: "मावशी, हे जर्नल खरं आहे का हो?" फी घेऊन, न तपासताच पेपर छापणाऱ्या बोगस संशोधनपत्रिकाही असतात ना! हल्ली मी त्यांना आधी डीओएजे (डिरेक्टरी ऑफ ओपन अ‍ॅक्सेस जर्नल्स) या साइटवर बसवते.

ही ओपन अ‍ॅक्सेस, म्हणजे कुणालाही फुकट वाचता येणाऱ्या जर्नलांची यादी, २००३ साली स्वीडनच्या लुंड विद्यापीठात सुरू झालेली. पैसे नाहीत, लॉगिन नाही. आयएसएसएन, म्हणजे जर्नलचा ओळखक्रमांक, टाकला की जर्नलचं पान उघडतं: लेखकाकडून फी किती, पीअर रिव्ह्यू (त्या विषयातल्या जाणकारांनी केलेली पेपरची तपासणी) कुठल्या पद्धतीचा, आणि पेपर दिल्यापासून छापून येईपर्यंत सरासरी किती आठवडे. माझी नजर आधी त्या आठवड्यांवर जाते.

माझ्या भाचीला एका जर्नलचा मेल आला. 'आदरणीय प्रोफेसर' म्हणे, आणि ही अजून कोर्सवर्क करतेय! चार दिवसांत रिव्ह्यू, फी आधी. मायक्रोबायॉलॉजीचा पेपर चार दिवसांत कोण तपासतो? त्यांच्या साइटवर डीओएजेचा लोगो ठळक होता. डीओएजेवर शोधलं तर पत्ता नाही. लोगो काय, कुणीही चिकटवतो. आयएसएसएनही खूपजण प्रशस्तिपत्रासारखा मिरवतात, पण तो नुसता ओळखक्रमांक. दर्जाशी त्याचा संबंध नाही.

या यादीवर माझा विश्वास बसला तो २०१६ मुळे. निकष कडक करून त्यांनी जुन्या जर्नलांना पुन्हा अर्ज करायला लावले आणि सुमारे ३,३०० जर्नलं एकदम काढली. त्यातल्या बहुतेकांनी अर्जच केला नव्हता, म्हणजे सगळी बोगस असं नव्हे. पण कुणाला काढलं, का काढलं, हे जाहीर असतं. आपल्याकडे यूजीसीनेही (विद्यापीठ अनुदान आयोग) २०१८ मध्ये आपल्या यादीतून ४,३०५ जर्नलं वगळली होती. पुढे यूजीसीचीच मान्य जर्नलांची केअर यादी आली, तीही २०२५ च्या फेब्रुवारीत बंद झाल्याचं जाहीर झालं. आता पारख ज्याच्या त्याच्या विद्यापीठाने करायची. "यादीत आहे ना, मग झालं" ही सवय मात्र जात नाही.

एक तारा कापला, कारण वर्गणी भरून वाचायची जर्नलं इथे मुळात नसतातच. इथे नाव नाही म्हणून एखादं जुनं, चांगलं जर्नल बाद करू नका. छापील मराठी संशोधनपत्रिकांसाठी तर ही साइट बिनकामाची. खऱ्या जर्नलचं नाव आणि आयएसएसएन चोरून उभ्या केलेल्या नकली साइटही असतात, म्हणून साइटचा पत्ता डीओएजेच्या पानावरूनच उघडा.

जोडीला जर्नल पारखायला 'थिंक चेक सबमिट' या साइटची प्रश्नावली घ्या, तीही फुकट. तुमच्या विभागात हे जर्नल कुणी वाचतं का, संपादक मंडळातली माणसं ओळखीची आहेत का, असे साधे प्रश्न आहेत. भाचीने त्या मंडळातल्या एका प्राध्यापकांना त्यांच्या विद्यापीठाच्या पत्त्यावर मेल टाकला. संध्याकाळी उत्तर आलं: माझं नाव त्यांनी परस्पर घातलंय, काढा म्हणून मीच कधीपासून मागे लागलोय.